तिसऱ्या पायरीवरचा किसन

सांगलीतल्या आमच्या बिऱ्हाडात दोन खोल्या होत्या आणि मागं एक पडवी. पडवीच्या पलीकडं हळदीच्या वखारींच्या भिंती सुरू व्हायच्या, त्यामुळं हंगामात माठातल्या पाण्यालासुद्धा हळदीचा वास लागायचा. बाबा कोयनानगरला प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये होते, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मला कॉलेजात घातलं म्हणून आई माझ्यासोबत सांगलीत राहिली, आणि आईला सोबत म्हणून तिचा धाकटा भाऊ, माझे दत्तूमामा, आमच्याकडं राहायला आले. आई सगळ्यांना असंच सांगायची. खरं म्हणजे सोबत मामांनाच लागत होती. एकाहत्तरच्या पूर्वेकडच्या लढाईतून ते परत आले तेव्हा त्यांच्या डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग गेलेला होता. बुटाच्या टोकात चिंध्या कोंबून ते चालायचे. घरात एक पाऊल टाकल्याचा आणि एक ओढल्याचा आवाज आला की मामा आले असं आम्ही ओळखायचो. एका वखारीत वजनकाट्यावर त्यांना काम मिळालं होतं. संध्याकाळी येऊन कोपरापर्यंत पिवळे झालेले हात ते मोरीत बराच वेळ घासत बसायचे. बोलणं म्हणजे ‘व्हय’, ‘न्हाई’ आणि जेवताना ‘वाढ आजून थोडं’, एवढंच. लढाईबद्दल कुणी काही विचारलं तर उठून पडवीत जायचे. लग्नाची गोष्ट काढायचीही आईनं सोडून दिली होती.

माझी मैत्रीण नलिनी ही आमची कोयनानगरपासूनची शेजारीण. तिचे वडील धरणावर इंजिनिअर होते, त्यांची बदली सांगलीला झाली आणि कॉलेजात आम्ही दोघी एका वर्गात आलो. तिचा थोरला भाऊ अमेरिकेत शिकत होता. तो बहिणीला काहीबाही पाठवायचा, चित्रांची कार्डं, लोकरी टोपी, आणि एकदा पाठवला एक पुठ्ठ्याचा खोका. त्यात एक पातळसं इंग्रजी पुस्तक होतं आणि चौकोनांत आकडे छापलेला एक जाड कागद. सोबतच्या चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं की हा खेळ आहे, याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं पंच व्हायचं आणि बाकीच्यांनी आपापला माणूस कागदावर तयार करून त्याला जुन्या किल्ल्यांतून, गुहांतून, राक्षसांच्या तावडीतून न्यायचं. फासे संपले म्हणून कंपनीनं आकडे छापून दिलेत, ते कापून घ्या. नलिनी इंग्रजी माध्यमातली, पण चार पानं वाचून तिनं हात टेकले. मला मात्र त्या पुस्तकानं धरून ठेवलं. बाबांची फाटकी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते महिनाभर वाचत होते. कॉलेजातला इतिहास सुद्धा मी तितक्या मन लावून वाचला नाही.

आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा ते नियम म्हणजे मला एखादी गुप्त विद्या वाटत होती. प्रत्येक माणसाला जिवाचे आकडे असायचे. पुस्तकात त्याला दुसरा शब्द होता, आम्ही नुसतं ‘जीव’ म्हणायचो. नव्या लढवय्याला एकापासून आठपर्यंत जेवढा निघेल तेवढा जीव. अंगावरच्या चिलखतालाही एक आकडा, आणि तो जितका कमी तितकं चिलखत चांगलं. हे उलटं गणित माझ्या डोक्यात शिरायला आठ दिवस लागले. वार करायचा म्हणजे एक ते वीसमधला आकडा काढायचा. शत्रूच्या चिलखताप्रमाणे ठरलेला आकडा गाठला तर वार लागला. लागला की पुन्हा एक ते सहामधला आकडा काढायचा, आणि तेवढा जीव समोरच्याचा कमी करायचा. शून्यावर आला की माणूस मेला. जो वाचेल त्याला अनुभवाचे गुण. गुण साठले की तो वरच्या पायरीवर जाणार, त्याचा जीव वाढणार, हात अधिक सफाईनं चालणार. आमच्या पुस्तकात तीनच पायऱ्या होत्या. त्यापुढं काय, ते दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकात होतं आणि ते आमच्याकडं नव्हतं. आकड्यांचे चौकोन मी आईच्या कात्रीनं कापले आणि शेवेच्या रिकाम्या डब्यात घातले. डबा हलवला की आतून भडंगासारखा खुळखुळ आवाज यायचा.

रविवारी दुपारी जेवणं झाली, बाबा आडवे झाले, की नलिनी यायची. आई पितळीत भडंग आणि चिरलेला कांदा ठेवायची आणि म्हणायची, “घ्या, मारा आता भुतं.” मी पंच, नलिनी एक जादूगारीण. पण एकट्या जादूगारिणीचा निभाव लागेना. पहिल्या पायरीच्या जादूगाराचा जीव चारच्या आत, एका वारात संपायचा. तीन रविवारी नलिनीच्या तीन जादूगारिणी मेल्या. चौथ्या रविवारी ती कागद बाजूला सारून म्हणाली, “शालन, हिच्यापुढं कुणीतरी तलवार घेऊन उभं राहायला हवं. दोघींत हा खेळ होत नाही.”

मामा पडवीच्या उंबऱ्याशी बूट काढून, डाव्या पायावर टॉवेल टाकून बसले होते. इतके रविवार ते तिथंच बसून ऐकत होते हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. ते म्हणाले, “त्यो पयल्या पायरीचा लढनारा, त्याला काय म्हंत्यात तुमच्या पुस्तकात?”

मी पान उघडून पाहिलं. शब्दाचा अर्थ डिक्शनरीत शोधून सांगितला, “मुरलेला शिपाई.”

“पयल्याच पायरीला मुरलेला?” मामांनी एकदा पायाच्या टोकाकडं पाहिलं. मग म्हणाले, “बराबर हाय. एकदा गोळी कानाजवळनं गेली की मुरतोच.” आणि सरकत सरकत आमच्या सतरंजीवर आले.

नाव काय ठेवायचं असं मी विचारलं. मामांनी जरासुद्धा विचार न करता सांगितलं, “किसन.” मी कागदावर वर ‘किसन’ लिहिलं, खाली जीव सात. चांगला निघाला होता.

त्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमचा खेळ अखंड चालला. मामा फार बोलायचे नाहीत, पण खेळात शिरल्यावर त्यांचा आवाज वेगळा लागायचा. मी भुयाराचं वर्णन करायला लागले की ते आधी विचारायचे, माघारी जायची वाट कुठली. नलिनीला पुढं काय आहे याची घाई असायची; मामा म्हणायचे, “थांब गड्या. आधी कान दे.” उजेड कुणाच्या हातात, पाणी किती, कुणाच्या मागं कोण, हे ठरल्याशिवाय किसन पाऊल टाकत नसे. त्यांचं नियमांवर भांडणही व्हायचं. एकदा किसनचा जीव सातावरून एकवर आला होता आणि तरी तो पूर्वीसारखाच वार करत होता, कारण पुस्तकात तसंच होतं. मामांनी डब्यावर हात ठेवला. “हे खोटं हाय. येवढं लागलेला मानूस असा हात चालवतोय व्हय? त्याला धड उबं ऱ्हाता येत न्हाई.”

“मामा, पण नियमच तसा आहे,” नलिनी म्हणाली.

“मग नियम ज्यानं लिवला, त्यो कवा पडला नसंल.”

आम्ही तो नियम बदलला. अर्ध्याच्या खाली जीव आला की वारातून दोन वजा. गुणांवर मात्र खरी वादावादी झाली. पुस्तकाप्रमाणे गुण मिळायचे ते शत्रू मारल्याचे आणि खजिना लुटल्याचे. मामांनी ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं. “म्हंजी मारलं की शानपन येतंय?” त्यांनी विचारलं. “आन् पडलेल्याला पाठीवर घालून मागं आनलं, तर?” मी पुस्तक चाळलं. त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. नलिनी म्हणाली, आपण आपल्या मनानं गुण द्यायला लागलो तर खेळाला अर्थ काय राहिला. शेवटी असं ठरलं की जेवढी माणसं आत गेली तेवढी सगळी बाहेर आली, तर प्रत्येकाला जास्तीचे गुण. किसन पहिल्या पायरीवरून तिसऱ्यावर गेला तो बहुतेक त्याच गुणांवर. भाडोत्री मशालवाल्यांनासुद्धा तो मागं सोडत नसे. तिसऱ्या पायरीवर पोचला त्या दिवशी मामांनी स्वतःच्या हातानं कागदावर जीव वाढवून लिहिला, एकोणीस, आणि आईला म्हणाले, “आक्का, आज गूळ घालून च्या कर.” आई माझ्याकडं बघत राहिली. कित्येक वर्षांत मामांनी तिच्याकडं काही मागितलं नव्हतं.

म्हणूनच मी ते केलं असावं. माझ्या मनात काय होतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, आणि आता साठी उलटल्यावरही मला दुसरं कारण सापडत नाही. घरात माणूस परत येत होता, आणि तो ज्या दोरीला धरून येत होता ती दोरी माझ्या हातात होती असं मला वाटायचं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. गुहेतल्या एका अरुंद बोळात त्यांची एका राक्षसाशी गाठ पडली. नलिनीच्या जादूगारिणीचे मंत्र संपले होते. मामा म्हणाले, “तू मशालवाल्यांना घिऊन मागं जा. किसन हितं उबा ऱ्हातो.” बोळ अरुंद, एका वेळी एकानंच लढायचं. चार फेऱ्या झाल्या. राक्षसाचे वार लागत गेले आणि किसनचा जीव तीनवर आला. नलिनी बाहेर पोचली होती. आता किसननं मागं वळायचं, फक्त त्याआधी राक्षसाचा एक वार चुकायला हवा होता. तेरा किंवा जास्त निघाला तर लागणार होता. मी पुस्तक उभं धरून त्याच्या आड डब्यात हात घातला. एकोणीस निघाला. घाव किती ते बघायला दुसरी चिठ्ठी काढली, पाच; किसनचा जीव तीनच होता. मी दोन्ही चिठ्ठ्या मुठीत दाबल्या आणि म्हटलं, “चार. हुकला.”

नलिनीनं सुटकेचा श्वास टाकला. मामा हलले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी हात पुढं केला. “दाव.”

“मामा, हुकला. चार होता.”

“शाले, मूठ उघड.”

मी मूठ उघडली. घामानं एकोणिसाची शाई माझ्या तळव्याला लागली होती. मामांनी ती चिठ्ठी उचलली, उजेडाकडं धरून पाहिली आणि डब्यात टाकली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पेन घेतलं, किसनच्या कागदावर जिवापुढं शून्य घातलं आणि म्हणाले, “ज्याच्या वाट्याला आलं त्याला जाऊ द्यायचं. मधी हात घालायचा न्हाई.” मग उठून बूट न घालताच पडवीत गेले. त्यांचं अर्धं पाऊल असं उघडं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याशीच नाही, कुणाशीच नाही. जेवताना ‘वाढ आजून’ सुद्धा बंद झालं. आई मला म्हणाली, “काय केलंस तू त्याला?” मी सगळं सांगितलं. तिला खेळातलं काही कळलं नाही, पण नाव ऐकून ती थबकली. “किसन?” ती म्हणाली. “दत्तूच्या पत्रात यायचं ते नाव. मेढ्याकडचा हुता कुनीतरी. मग पत्रंच थांबली.”

पुढच्या रविवारी मामांनी मला घाटावर नेलं. कृष्णेचं पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर कुणी धुणं वाळत घातलेलं. खालच्या पायरीवर बसून मामांनी मला जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं इथं लिहिते, कारण त्यात माझं काही नाही. लढाईच्या शेवटच्या दिवसांत पुढच्या खड्ड्यात पहाऱ्याला दोघांनी जायचं होतं. एक जण ठरलेला, दुसरा ठरवायला पोरांनी काड्यापेटीच्या काड्या मोडल्या. तोकडी काडी मामांना आली. चिखलात चालून चालून त्यांचा पाय सुजला होता. किसन शेजारी होता. त्यानं मामांच्या हातातली काडी काढून घेतली, आपली लांब काडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, “आन हिकडं. लंगडत जाशील तर आवाज करशील.” तुकडीच्या नाईकानं विचारलं, तोकडी कुणाकडं. किसननं हात वर केला. “मी काय बोललो न्हाई,” मामा म्हणाले. “बोलायला तोंड उघडलं हुतं. पन बोललो न्हाई.” तासाभरात त्या खड्ड्यावर तोफेचा गोळा पडला. मामांचा पाय गेला तो दोन दिवसांनी, सुरुंगावर. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांना वाटलं, आता फिटलं. पण फिटलं नव्हतं.

“त्याच्या घरी ठाऊक नाही?” मी विचारलं.

“न्हाई. त्यास्नी कागद आला, ड्यूटीवर असताना गेला म्हणून. ड्यूटी त्याची नव्हती.” मामा पाण्याकडं बघत राहिले. “त्या दिशी तू मूठ दाबलीस आन् मला पयल्यांदा वाटलं, किसनलाबी असंच वाटलं आसंल. माया आली आसंल त्याला. मी इतकी वर्सं त्याच्यावर चिडून हुतो.” मग म्हणाले, “मेढ्याला जायचं हाय. तू चल संगं. मी मधीच थांबलो तर तू म्हनायचं, पुढं.”

आम्ही पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं मेढ्याला गेलो. किसनची वाडी तिथून वर, चढाची. मामा चार-चार पावलांवर थांबत होते, पण काठी धरा म्हटलं तर धरली नाही. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती. मामा समोर उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, मी दत्तू. किसनच्या पलटनीतला.” म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “व्हय, नाव लिवायचा तुजं,” ती म्हणाली. “बस की रं. लय दिसानं आलास.” किसनची बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्याहून फार मोठी नसेल. तांब्या ठेवून ती चौकटीला टेकून उभी राहिली.

मामांनी काड्यांपर्यंत सांगितलं आणि ते थांबले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी म्हटलं, “मामा, पुढं.” मग त्यांनी उरलेलं सगळं सांगितलं, काही न वगळता. तोंड उघडलं होतं आणि बोललो नाही, हेही.

मग म्हातारीनं विचारलं, “त्यो जेवून गेल्ता का रं तवा?”

“व्हय, मावशी. आमी संगंच जेवलो. पुऱ्या हुत्या. त्यानं माज्यातल्या दोन खाल्ल्या.”

“मग बरं,” म्हातारी म्हणाली आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. पाखडताना तिच्या हाताला ताल सापडत नव्हता. मामा गुडघ्यात मान घालून बसले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. किसनची बायको तांब्या उचलून आत गेली. आम्ही निघेपर्यंत ती बाहेर आली नाही. निघताना म्हातारीनं माझ्या ओच्यात नाचणी घातली. पुन्हा या म्हणाली नाही, येऊ नका असंही म्हणाली नाही.

खेळ आम्ही नंतर दोन-तीनदा खेळलो. मामांनी नवा माणूस काढला, त्याला वेगळं नाव ठेवलं, आणि तो पहिल्या पायरीवरच राहिला. मग नलिनीचं लग्न ठरलं आणि ती खोका घेऊन पुण्याला गेली. आता माझा नातू सांगतो की जगभर हा खेळ अजून खेळतात, पुस्तकं भिंतभर झाली आहेत. त्यानं मला एक दाखवलं. मी पाठीमागचं पान उघडून पायऱ्या किती ते पाहिलं आणि मिटून ठेवलं.

मामा मात्र दर वर्षी दिवाळीनंतर मेढ्याला जायला लागले, एकटेच. दोन वर्षं किसनची बायको त्यांच्यासमोर आली नाही. तिसऱ्या वर्षी म्हातारी अंथरुणाला खिळली होती म्हणून पाणी तिनंच आणलं. ते मामांनी मला परत आल्यावर सांगितलं, बूट न काढताच, उंबऱ्यावर बसून. तांब्या खाली ठेवून ती तिथंच उभी राहिली आणि तिनं विचारलं, “त्या दिशी तुमचा पाय खरंच सुजला हुता का?”

मामा म्हणाले, “सुजला हुता. पन चालता आलं आसतं.”

तिनं तांब्या त्यांच्याकडं सरकवला. मग म्हणाली, “बसा. च्या टाकते.”